उलटी मोजली, मळमळ राहिली

औषधांच्या कोणत्याही अधिकृत यादीत 'उलटीरोधक' असा एक गट असतो. भारत सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ३८४ औषधांची राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादी जाहीर केली. तिच्यातही तो आहे आणि त्यात डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, ओन्डान्सेट्रॉन ही ओळखीची नावे आहेत. 'मळमळरोधक' असा गट मात्र आढळत नाही. उलटीवरचे औषध मळमळीवर चालणारच, असे आपण गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात टीका करायची आहे ती या गृहीतावर, कारण महिनोन्‌महिने मळमळ सोसणाऱ्या रुग्णाचा बराचसा खर्च आणि बराचसा त्रास त्यातूनच निघतो.

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते योग्यच आहे. उलटी ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पोटाचे व छातीचे स्नायू, श्वासपटल, घसा यांची एक ठरावीक क्रमाने होणारी हालचाल, जिचे नियंत्रण मस्तिष्कपुच्छातून होते. ती बाहेरून दिसते, तिची वेळ लिहिता येते, दिवसातून किती वेळा झाली हे मोजता येते. मळमळ ही जाणीव आहे. ती फक्त रुग्ण सांगू शकतो, आणि आपल्याकडे बहुतेक जण ती 'कसंतरी होतंय' एवढ्याच शब्दांत सांगतात. ज्याला मळमळ आहे त्याला उलटी होईलच असे नाही. पुष्कळदा झाली तर बरे वाटेल अशी अवस्था तासन्‌तास टिकते.

प्रयोगशाळेत ही अडचण आणखी वाढते. उंदीर व घुशी यांना उलटी होतच नाही. म्हणून उलटीवरच्या संशोधनात फेरेट नावाचा, साधारण मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला गेला. कर्करोगावरचे औषध टोचल्यावर फेरेट किती वेळा ओकतो ते मोजायचे, मग नवे औषध देऊन पुन्हा मोजायचे. पद्धत चोख आहे. पण फेरेटला मळमळते का, हे त्याला विचारणार कोण? जे औषध या चाळणीतून खाली येते ते ओकणे थांबवणारे औषध असते. त्याने मळमळ थांबते की नाही हा प्रश्न चाळणीला पडलेलाच नसतो.

आता शरीरातल्या वाटा पाहू. मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छाजवळ एक लहानसा भाग असा आहे की तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा अटकाव जवळजवळ नाही. रक्तात आलेले विष तिथल्या चेतापेशींना लगेच कळते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर साठणारी द्रव्ये किंवा मॉर्फिनसारखी औषधे या वाटेने मळमळ आणतात, आणि इथे डोपामिनचे ग्राही महत्त्वाचे असतात. दुसरी वाट आतड्याची. आतड्याच्या अस्तरातील पेशी इजा झाली की सिरोटोनिन सोडतात आणि व्हेगस चेतेमार्फत निरोप वर जातो. तिसरी अंतर्कर्णाची, म्हणजे घाटातल्या एसटीत लागते ती. चौथी थेट मोठ्या मेंदूची. वासाने, भीतीने, नुसत्या आठवणीने येणारी मळमळ या वाटेची. केमोथेरपी घेतलेल्या कित्येकांना पुढच्या वेळी रुग्णालयाचे फाटक दिसताच उमळून येते, ते यामुळेच. वाटा वेगळ्या, त्यामुळे त्यांवरची औषधेही वेगळी.

मेटोक्लोप्रमाइडचे वर्णन १९६४ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम झाले. ते मुख्यतः डोपामिनची वाट अडवते. १९८० नंतरच्या काही वर्षांत असे दिसले की ते फार मोठ्या मात्रेत दिले तर सिस्प्लॅटिन या औषधाने होणाऱ्या उलट्याही आवरतात. शोध घेता कळले की मोठ्या मात्रेत ते सिरोटोनिनचाही एक ग्राही अडवत होते. मग तेवढाच ग्राही अडवणारे औषध का करू नये? त्यातून ग्लॅक्सो कंपनीचे ओन्डान्सेट्रॉन आले. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये परवानगी मिळाली. (याच कंपनीचा एक मोठा कारखाना आपल्या नाशिकच्या अंबड वसाहतीत आहे.) भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या कृतीलाच पेटंट मिळे. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी ते वेगळ्या कृतीने बनवले आणि कर्करोगाच्या रुग्णांचे हाल पुष्कळ कमी झाले. हे मोठे यश आहे, त्यात शंका नाही. मात्र ते पहिल्या दिवसाच्या उलटीवरचे यश आहे. केमोथेरपीनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी मळमळ या गोळीला फारशी दाद देत नाही.

दुसरा दिवस ते पाचवा दिवस म्हणजे कुठे? घरी. नाशिकच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात किंवा इतरत्र उपचार घेऊन रुग्ण सुरगाण्याला, पेठला, मालेगावला परत गेलेला असतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोज घ्यायच्या गोळ्यांचा खर्च मुख्यतः घरचाच. आणि कर्करोग नसताना मूत्रपिंडाच्या विकाराने, मधुमेहात जठराची हालचाल मंदावल्याने किंवा यकृताच्या आजाराने ज्यांना वर्षभर मळमळते, त्यांना दाखल होण्याचे कारणही नसते.

या दीर्घकाळच्या रुग्णाला काय मिळते? पुष्कळदा आम्लता कमी करणारे औषध आणि डोमपेरिडोन यांची एकत्र कॅप्सूल, जी आपल्याकडे 'गॅसची कॅप्सूल' म्हणून चिठ्ठीशिवायही मागितली जाते. तिच्यात बहुधा ३० मिलिग्रॅम डोमपेरिडोन असते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये डोमपेरिडोन दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि साधारणतः आठवड्याहून जास्त दिवस नको असे ठरवले, कारण हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका. मेटोक्लोप्रमाइडला त्याच संस्थेने २०१३ मध्ये पाच दिवसांची मर्यादा घातली, कारण अनैच्छिक हालचाली. यादीतली ही दोन स्वस्त औषधे थोड्या दिवसांची आहेत आणि आजार महिन्यांचा आहे. ती कामाची नाहीत असे नव्हे. त्यांच्या नावापुढे किती दिवस हे लिहिलेले नसते, ही तक्रार आहे.

किमतीचेही असेच. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार यादीतल्या औषधाची कमाल किंमत कशी ठरते, हे नववी-दहावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखे गणित आहे. बाजारात एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या सर्व ब्रँडांची किरकोळ दुकानदाराला पडणारी किंमत घ्यायची, तिची साधी सरासरी काढायची, वर १६ टक्के दुकानदाराचे. समजा, एका गोळीच्या पट्टीचे पाच ब्रँड १०, १२, ३०, ३८ आणि ६० रुपयांना पडतात. बेरीज १५०, सरासरी ३०, सोळा टक्के धरून ३४ रुपये ८० पैसे. या गणितात गोळी बनवायला किती खर्च येतो हा आकडा कुठेच नाही. १९९५ च्या आदेशात तो होता. तिथे उत्पादनखर्चावरून किंमत ठरे, पण त्या वेळी नियंत्रणाखाली औषधेच फक्त ७४ उरली होती. आता औषधे वाढली आणि खर्च गळाला. शिवाय सरासरी साधी असल्याने एक टक्का हिस्सा असलेला महाग ब्रँड चाळीस टक्के हिस्सा असलेल्या स्वस्त ब्रँडइतकाच मोजला जातो. यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर कंपनीने ठरवायची. बंधन इतकेच की वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये. गोळे कॉलनीतल्या घाऊक बाजारात पट्टी कितीला पडते आणि पट्टीवर काय छापलेले असते, यांतली तफावत ज्यांचा त्या व्यवहाराशी संबंध येतो ते जाणतात.

तरीही एका पट्टीची किंमत हा खरा खर्च नव्हे. मळमळीच्या रुग्णाला पहिली गोळी लागू पडेलच असे नसते. आठवडाभर एक, मग दुसरी, मग तिसरी. न लागू पडलेल्या प्रत्येक पट्टीचे पैसे, दर वेळची फी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज केली पाहिजे. कोणत्या मळमळीला कोणते औषध, याचे ज्ञान जितके तोकडे तितकी ही बेरीज मोठी.

मग असे ज्ञान मिळवायचे कोणी? ओलान्झापिनची गोष्ट इथे बोलकी आहे. हे १९९६ पासून वापरात असलेले, मानसिक आजारावरचे औषध. ते डोपामिन, सिरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेक ग्राहींना एकदम अडवते, म्हणजे वर सांगितलेल्या एकाहून अधिक वाटा बंद करते. भारतात ते अनेक कंपन्या बनवतात आणि ते स्वस्त आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत केमोथेरपीनंतरच्या पाच दिवसांत अजिबात मळमळ न झालेले रुग्ण ओलान्झापिन घेणाऱ्यांत ३७ टक्के होते, तर बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २२ टक्के. त्या चाचणीला पैसा दिला तो तिथल्या सरकारी कर्करोग संस्थेने. पेटंट संपलेल्या औषधाचा नवा उपयोग सिद्ध करून कोणत्याही कंपनीच्या हाती फारसे काही लागत नाही.

या गोळीने झोप फार येते. म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. ज्योती बाजपेयी व सहकाऱ्यांनी १० मिलिग्रॅमच्या मात्रेची तुलना अवघ्या अडीच मिलिग्रॅमशी केली. २०२४ च्या आरंभी 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आले: लहान मात्रेत ४५ टक्के रुग्णांत पूर्ण नियंत्रण, मोठ्या मात्रेत ४४ टक्के, आणि लहान मात्रेत दिवसाची गुंगी पुष्कळ कमी. 'पूर्ण नियंत्रण' म्हणजे उलटी नाही, जादा औषध लागले नाही, आणि मळमळ नाही किंवा अगदी सौम्य. मळमळीला व्याख्येतच जागा दिली, हे मला या चाचणीचे सर्वात मोठे गुण वाटतात त्यांपैकी एक वाटते.

पण आकडा उलटा वाचून पाहा. बरोबरीची इतर उलटीरोधक औषधे देऊनसुद्धा निम्म्याहून जास्त रुग्णांत पूर्ण नियंत्रण आले नाही. आणि हे सारे पाच दिवसांचे. केमोथेरपीशी संबंध नसलेल्या, प्रगत कर्करोगातल्या दीर्घ मळमळीवर ओलान्झापिनची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी फक्त ३० रुग्णांची आहे. तिचे निष्कर्ष थक्क करणारे आहेत. दहापैकी आठ ते दहा असलेली मळमळ आठवड्यात शून्य ते तीनवर आली. पण तीस म्हणजे तीसच. मूत्रपिंडाचे व मधुमेहाचे रुग्ण तिच्यात मोडत नाहीत, आणि मधुमेह्याला हे औषध जपूनच द्यावे लागते, कारण त्याने वजन व रक्तातली साखर वाढते. तेव्हा कोणी हा लेख वाचून दुकानातून गोळी आणू नये.

एक व्यावहारिक अडचण उरते. डॉक्टरांनी हे औषध मळमळीसाठी लिहिले तरी दुकानात किंवा शेजारी कोणी नाव वाचून 'हे तर वेडाचं औषध' म्हणाले की पट्टी कपाटात जाते. वेष्टनातल्या पत्रकात मळमळीचा उल्लेख नसतो, कारण त्या उपयोगासाठी परवानगी मागायला कंपनी आलेलीच नसते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकातच आहे. मळमळीचे कारण, औषध, मात्रा आणि किती दिवस घ्यायचे, एवढे साध्या मराठीत लिहिलेले एक पान रुग्णाच्या हाती देण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्या पानावर शून्य ते दहा अशी एक आडवी रेघही असावी, म्हणजे 'कसंतरी होतंय' म्हणणाऱ्याला रोज संध्याकाळी तिच्यावर खूण करता येईल.