अंगठा, चेहरा आणि ओळख : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात बायोमेट्रिक पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘अंगठा’ हा शब्द केवळ अवयववाचक राहिलेला नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा देणे म्हणजे न वाचलेल्या मजकुराला बांधले जाणे आणि ‘अंगठेबहाद्दर’ म्हणजे निरक्षर. साक्षरता-प्रसाराच्या काळात अंगठ्याकडून सहीकडे होणारी वाटचाल प्रगतीची खूण मानली गेली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे ‘आधार’चे वितरण सुरू झाले आणि सही करू शकणारा नागरिकही पुन्हा अंगठ्याकडे वळला. पुढे अंगठ्याच्या जोडीला डोळा आणि चेहरा आला. ही पद्धत अचूक किती, याची चर्चा पुष्कळ होते. प्रस्तुत लेखात त्याहून वेगळा प्रश्न तपासला आहे : ओळख पटली नाही, तर चूक कोणाची मानली जाते?

अविश्वासातून जन्मलेले तंत्र

ठशांच्या प्रशासकीय वापराचा आरंभ भारतातच झाला. 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. कोनाईने पुढे करार नाकारू नये, हा त्यामागील हेतू होता. 1897 मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. तेथील वर्गीकरणाचे मोठे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र एडवर्ड हेन्री यांचे मिळाले.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि 1911 च्या सुधारित कायद्याने नोंदणी झालेल्यांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. पारधी समाजावर हाच शिक्का बसला. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, तरी यवतमाळ जिल्ह्यातील पारधी बेड्यांकडे पाहणारी संशयाची नजर त्या तारखेला संपली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (1987) अशा संशयाखाली घडलेले जगणे मराठी वाचकासमोर ठेवले, ते कायदा रद्द झाल्यानंतर पस्तीस वर्षांनी. ठशामुळे निरपराध व्यक्तीची सुटकाही होऊ शकते, हे मान्य करावेच लागेल. परंतु 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बुबुळ व दृष्टिपटलाच्या नोंदीही मोजमापांत आणल्या आहेत. नोंदसंग्रहात ज्या समाजाची नोंद आधीपासून अधिक, त्याच्याकडेच यंत्र अधिक वेळा बोट दाखविणार, ही शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

श्रमाचे शरीर

यंत्र माणसाला ‘ओळखत’ नाही. ते नोंदविलेला नमुना आणि समोरचा नमुना यांतील साम्याचा अंक काढते. किती साम्य पुरेसे, ही मर्यादारेषा माणसे ठरवितात. रेषा वर नेली की खऱ्या व्यक्ती नाकारल्या जाण्याचे प्रमाण वाढते. खाली आणली की तोतया स्वीकारले जाण्याचे. म्हणजे तांत्रिक भासणारा हा निर्णय वस्तुतः धोका कोणाच्या वाट्याला द्यायचा याचा निर्णय असतो.

कापूस हे यवतमाळचे मुख्य पीक. पऱ्हाटीच्या उकललेल्या बोंडाची टोके वेचणाऱ्या बोटांना टोचतात, निंदणीत माती आणि विळा त्यांना घासतात. वर्षानुवर्षांच्या कष्टाने आणि वयाने बोटांवरील रेषा पुसट होतात. 2017 च्या फवारणी-विषबाधेत याच जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर दगावले. येथे श्रम शरीरावर कसा उमटतो, याचे ते सर्वांत क्रूर उदाहरण होय. ज्या हातांना स्वस्त धान्याची सर्वाधिक गरज, तेच हात ई-पॉस यंत्राला वाचण्यास कठीण जातात.

मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे शासकीय सेवांतील पडताळणीचे यश 88 टक्के असल्याचे सांगण्यात आले. उरलेले 12 टक्के ही आकडेवारीतील किरकोळ त्रुटी नव्हे. महालेखापरीक्षकांच्या 2022 च्या अहवालानुसार 2018-19 मधील 3.04 कोटी बायोमेट्रिक अद्ययावतीकरणांपैकी 73 टक्क्यांहून अधिक नागरिकांनी सदोष नोंदींमुळे स्वतः शुल्क भरून करून घेतली होती. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे. चूक नोंदीची, भुर्दंड नागरिकाला.

परिचयाचे अवमूल्यन

1 जुलै 2025 पासून अंगणवाडीतून घरी नेण्याचा पोषण आहार मिळण्यासाठी ‘पोषण ट्रॅकर’वर चेहऱ्याची पडताळणी सक्तीची करण्यात आली. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. पोडावरील गरोदर स्त्रीला अंगणवाडी सेविका नावाने, घराने, मागच्या बाळंतपणासह ओळखते. तरीही ‘ही तीच आहे’ हे सांगण्याचा अधिकार आता मोबाइलकडे गेला आहे. मोबाइलला रेंज नसेल, तर सेविकेचा परिचय निरुपयोगी ठरतो.

बोगस लाभार्थी रोखणे हे उद्दिष्ट योग्यच आहे. तथापि अंगठा केवळ उपस्थिती सिद्ध करतो, धान्य पूर्ण मोजून दिले हे नाही. मापातील चोरी बायोमेट्रिकने थांबत नाही, हे ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी वारंवार दाखविले आहे. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी 2023 पासून छायाचित्राद्वारे हजेरी सक्तीची झाली. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच कबूल करावे लागले की छायाचित्राचे छायाचित्र काढूनही हजेरी लावली जाते. लबाडाला वाट सापडते, झिजल्या बोटांची मजूर स्त्री मात्र अडते.

समारोप

बायोमेट्रिक पद्धत सर्वस्वी त्याज्य आहे, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. तिच्यातील पुराव्याचे ओझे उलटे आहे, एवढेच प्रतिपादन आहे. ते सरळ करण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात : पडताळणी फसल्यास धान्य वा आहार त्याच दिवशी द्यावा, फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची लेखी पावती नागरिकास मिळावी, आणि सेविका, ग्रामसेवक यांच्या प्रत्यक्ष परिचयास नियमानेच पुराव्याचे मोल असावे. सावकाराच्या कागदावर अंगठा देणाऱ्याला निदान आपण कोणापुढे उभे आहोत हे ठाऊक होते. यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला नकाराचे कारण विचारता येईल असा माणूस समोर असणे, ही शासनव्यवस्थेकडून केलेली किमान अपेक्षा होय.