येवला : कीर्ती आणि ओळख

गावाची कीर्ती आणि गावाची ओळख या भिन्न बाबी आहेत, हे नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. येथील हातमागांवर विणले जाणारे महावस्त्र परदेशातही पोहोचले. परंतु ‘पैठणी’ या नावामुळे आठवते ते पैठण. तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा. १८५७ च्या इतिहासात मात्र त्यांचे नाव कानपूरशी जोडले गेले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येथेच केली. बाहेरच्यांच्या स्मरणात प्रामुख्याने राहिली ती १९५६ च्या धर्मांतराची नागपूरची दीक्षाभूमी. येवल्यात जे घडले ते जगाने स्वीकारले. ते कोठे घडले, हे क्वचितच विचारले. म्हणून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने कीर्ती किती, याबरोबरच ती कोणत्या गावाच्या नावे जमा झाली, हेही तपासणे अगत्याचे ठरते.