चालायचा वेळ की थांबायचा? शर्मिला रेगे यांचा लेख वाचताना

पेट झाली, सिनॉप्सिस लिहायचाय, असे मेसेज सध्या बरेच येतायत. म्हणून आज पद्धतीबद्दल बोलू, पण एका लेखाच्या निमित्ताने.

मी एमएस्सी पर्यावरणशास्त्राची. माझ्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता : 'पाणी आणायला रोज किती मिनिटं लागतात?' धुळे जिल्ह्यातल्या एका गावात चाचणी घेताना एका बाईने मलाच विचारलं, "ताई, चालाना येळ सांगू का थांबाना?" विहीर तिच्या घरापासून जवळ होती. पण बाकीच्यांचे हंडे भरेपर्यंत तिला बाजूला उभं राहावं लागायचं. का, ते तिने सांगितलं नाही, मलाही विचारायची गरज पडली नाही. माझ्या फॉर्ममध्ये अंतराला रकाना होता, थांबण्याला नव्हता. सगळ्या बायका 'महिला' या एकाच शीर्षकाखाली होत्या.

गाईडला हे सांगितलं, तर त्यांनी एक लेख हातात ठेवला : शर्मिला रेगे, 'दलित विमेन टॉक डिफरंटली', इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, १९९८. याच नावाचा लेख त्याच साप्ताहिकात १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी लिहिला होता. दोन्ही सोबत वाचा.

गुरूंचं म्हणणं थोडक्यात असं : दलित स्त्रीला दोन बाजूंनी गप्प केलं जातं. सवर्ण स्त्रीवाद सगळ्या बायकांना एकाच मापाने मोजतो, आणि दलित चळवळीतले पुरुष नेतृत्व सोडत नाहीत. तिचं जगणं तिनेच मांडावं, इतरांची मांडणी तितकी अस्सल ठरत नाही. रेगे यातलं बरंच मान्य करतात. सत्तरच्या दशकात 'स्त्री' म्हणताना डोळ्यापुढे सवर्ण स्त्री आली आणि 'दलित' म्हणताना पुरुष, हे त्या स्पष्ट मांडतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया काही वर्षं आधी हेच सांगत होत्या. कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हचं निवेदन १९७७चं आहे.

पण रेगे एका ठिकाणी अडतात. फक्त अनुभव हाच पुरावा मानला, तर बाकीचे म्हणतील, 'तो त्यांचा प्रश्न, त्यांनी बघावा.' वेगळेपणाचा आदर करता करता जबाबदारी झटकता येते. म्हणून त्या भूमिदृष्टीची मांडणी करतात : दलित स्त्रीच्या जागेवरून सगळ्या समाजाकडे बघणं. हे सवर्ण संशोधकालाही शिकता येतं, पण त्यासाठी आपलं आधीचं शिक्षण मोडावं लागतं. माझ्यासाठी हे थिअरी राहिलं नाही. मला रकाना मोडावा लागला.

१९९९ मध्ये छाया दातार यांनी यावर टीका केली. जात आणि अस्मितेवर भर देताना जमीन, पाणी, जंगल हे भौतिक प्रश्न मागे पडतात, असा तिचा रोख. २००० मध्ये रेगेंनी उत्तर दिलं. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मी आधी दातारांच्या बाजूने झुकले होते. पण त्या विहिरीवर हे दोन प्रश्न वेगळे करून दाखवा बरं. पाणी हे संसाधन आहेच, आणि रांग जातीची आहे. पातळी मोजून रांग सोडली तर डेटा चूक नसतो, अर्धा असतो. आणि अर्ध्या डेटावर योजना आखली की टाकी पुन्हा वरच्या आळीतच बसते.

आता माझी तक्रार. रेगे आपल्या भागाशी जोडलेल्या प्रवाहाची दखल घेतात. धुळ्याच्या शरद पाटलांचा सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष त्यांच्या लेखात आहे. पण ही सगळी चर्चा ज्या स्त्रियांपर्यंत लेखणी पोहोचली त्यांच्या लेखनावर जास्त उभी आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं (नंदुरबार वेगळा झाला १९९८ मध्ये). तिथे १९७२ पासून श्रमिक संघटनेत भिल्ल स्त्रिया पुढे आल्या. दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला गावापुढे जाब विचारला. देशातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासांत शहाद्याचं नाव येतं, पण बहुतेक वेळा कार्यकर्त्यांच्या आणि अभ्यासकांच्या शब्दांत. 'दलित' आणि 'सवर्ण' या जोडीत आदिवासी बाई कुठे बसवायची, हा प्रश्न उरतोच.

याचं उत्तर थिअरीपेक्षा एका जुन्या मराठी पुस्तकात जास्त सापडतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिताना काय केलं? आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी गेल्या, बसल्या, विचारलं, लिहून घेतलं. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायका होत्या. त्या पिढीचं बोलणं कुणीतरी वेळेत टिपलं म्हणून आज हाताशी आहे. शहाद्याच्या मोर्चात तेव्हा विशीत असलेल्या बाया आज सत्तरीपुढे आहेत. आपल्याकडे वेळ किती, हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनो, विषय कोणताही असो, प्रश्नावली छापण्याआधी ती अशा एका बाईला वाचून दाखवा, जिला त्यात सगळ्यात कमी जागा आहे. ती जिथे अडेल तिथे खूण करा. माझ्या फॉर्ममध्ये आता दोन रकाने आहेत. दुसरा भरायला जास्त वेळ लागतो.