निळा कंचुक आणि खोल गळा

आमच्याकडे ब्लाउजच्या गळ्यावरून वाद निघाला की एक बाजू सिनेमाला दोष देते. दुसरी, शिकलेली बाजू हालाची ‘गाथासप्तशती’ पुढे करते. म्हणणं असं, की याच गोदाकाठच्या बाया इतक्या शतकांपूर्वी मोकळेपणी वावरत होत्या, तेव्हा आजच्या मुलींना टोकू नका. मुलींना टोकू नये हे मला मान्य आहे. पुरावा मात्र पटत नाही.

ज्या गाथेचा आधार घेतला जातो, तिच्यात तरुणीचा निळा कंचुक आहे आणि त्यात न मावलेल्या स्तनभागाला ढगांतून थोड्या वर आलेल्या चंद्राची उपमा आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली गाथा मराठीत आणल्यापासून अभ्यासक इथे शृंगार वाचतात. मी एका शब्दापाशी अडलो: ‘उव्वरिअ’. आपलं ‘उरणं’ त्याच घरातलं. कंचुक भरला आणि उरलं ते दिसलं. गळा खोल बेतल्याचं कवी म्हणतच नाही.

माझी आई गंगाखेडात चोळ्या शिवायची, म्हणून हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं. खण म्हणजे एका चोळीपुरतंच कापड. चोळीला बटण नाही, छातीखाली गाठ. गाठ आवळली की अंग वरच्या काठाशी येतं. त्यात बाईची हौस किती आणि कापडाची ओढ किती, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. (सातवाहनकाळचा कंचुक म्हणजे खणाची चोळी नव्हे, हे मान्य.) शिवाय गाथांतल्या कितीतरी बाया स्वतः बोलतात, ही बोलत नाही. बघणाऱ्याच्या आनंदाला आपण तिचं स्वातंत्र्य म्हणतो आहोत.

साक्ष हवीच तर गंगाखेडच्या जनाबाईंची घ्यावी. पदर डोक्यावरून ढळला तरी भर बाजारात जायचं ठरवणारा त्यांच्या नावावरचा अभंग सगळ्यांना पाठ आहे. तिथे गळ्याचा विषयही नाही, पण कर्ता बाई आहे. गळ्याच्या चर्चेत हा अभंग मी कधी ऐकला नाही. गाथा मात्र दर वेळी.

दरम्यान गल्लीतल्या शिंप्याकडे मापं बदलली. पुढं सहा इंच, मागं दहा, वर लटकन. पुढचा गळा पदराखाली जातो, खोली सगळी पाठीवर. गाथेतला कवी समोर उभा होता. त्याला यातलं काहीच दिसलं नसतं.