मंडळी, दरबार आणि पाण्याचा तांब्या

मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. ज्या कुणा भाषांतरकाराला हा शब्द सुचला, त्याचे कान तयार असले पाहिजेत. कीर्तनकार श्रोत्यांना मंडळी म्हणतो, जुन्या वळणाचा गृहस्थ बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करतो, आणि आमच्या कोल्हापुरात तर ‘काय मंडळी, जेवलासा काय?’ हीच विचारपूस. म्हणजे देवळातला, घरातला आणि पंगतीतला माणूस एकाच शब्दात बसलेला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतली तेव्हा हा शब्द माझ्या डोक्यात सतत घोळत होता.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. एका मंडळीत त्यांचा प्रवेश झाला आणि घरची मंडळी दुरावली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या, मग नगरला एकत्र आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेल्या या आत्मचरित्रावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले: विनोदावर, अनलंकृत भाषेवर, त्या विलक्षण संसारावर. पण एक गोष्ट मला खटकत आली आहे. पुस्तकात धर्मसिद्धान्तांची चर्चा फार थोडी आणि चूल, पाणी, सोवळे, कोणाच्या हातचे खायचे याची चर्चा फार, याला समीक्षक ‘बायकी साधेपणा’ म्हणून कौतुकाने बाजूला सारतात. माझ्या मते पुस्तकाचा खरा युक्तिवाद तिथेच आहे. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे बाईंच्या मनाने घेतले ते एखादे प्रवचन ऐकून नव्हे. आणि ते पटल्याची खूण कोणती? तर कोणाच्याही हातचे खाणे-पिणे. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या लेखी सहभागिता आधी पाण्याच्या तांब्यातून येते, नंतर वेदीपाशी जाते.

टिळकांची वाट निराळी. मिशनच्या आवारात नवख्रिस्ती माणसाला आसरा मिळाला, शाळा मिळाली, नोकरी मिळाली. पण ज्याला बंधू म्हणायचे तोच पगार देणारा, त्यामुळे बंधुभावाला मालक-नोकराचा वास येई. शिवाय गावाशी नाते तुटे ते वेगळेच. हे दुखणे टिळकांनी नेमके ओळखले. १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बरोबरीने बसावेत ही कल्पना. आजही धीट वाटावी अशी.

पण दरबार म्हटला की मध्ये कोणीतरी बसलेला असतो. टिळकांनी ती जागा देवाला दिली होती, यात शंका नाही. तरी येणारे येत होते ते टिळकांकडे. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबाराचा कणाच गेला. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त सेवा संघ काढला, त्याला आश्रमाची शिस्त होती. दरबाराला ती कधी लाभली नाही.

खरे तर दरबार साताऱ्याच्या कितीतरी आधी नगरच्या घरात भरत होता. बालकवी ठोंबरे त्या घरात राहिले, रुसले, जेवले. ख्रिस्ती झाले नाहीत, आणि तशी अट कोणी घातलीही नाही. टाकून दिलेली नकुशी त्या घरात लेक झाली. टिळक ज्याची घटना लिहू पाहत होते, ते लक्ष्मीबाई रोज वाढत होत्या, बहुधा घरात पीठ किती उरले आहे याची चिंता करीत. पाहुणे आणण्याचा मान टिळकांचा, पीठ पुरवण्याचा घोर बाईंचा! हे मी गमतीने लिहितो, पण सहभागितेवरच्या आपल्या लिखाणात या घोराची नोंद क्वचितच असते.

आता पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे. सोवळे सोडणाऱ्या बाईच्या मनातली घालमेल आपल्याला कळते. तांब्या ज्याच्या हातात होता, त्याला त्या वेळी काय वाटले ते कळत नाही. महार-मांग वस्तीतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी हा काही उदार होण्याचा प्रसंग नव्हता. ती माणसे वाट पाहत उभी होती. कोल्हापूरच्या वाचकाला ही बाजू लवकर दिसावी, कारण शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घेतला ही गोष्ट इथे पोरसोरही सांगते. त्या गोष्टीत कप भरणाऱ्याला नाव आहे. ‘स्मृतिचित्रां’त ते नेहमी असतेच असे नाही.

हे सारे मला पुस्तकापुरते ठेवता आले असते. पण माझा जन्म इथल्याच एका ख्रिस्ती घरातला. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचे चर्च न्यू शाहूपुरीत आहे, आणि रविवारी उपासना संपल्यावर माणसे फाटकापाशी किती वेळ रेंगाळतात हे मी लहानपणापासून पाहतो. आत शेजारी बसून न बोललेले सगळे तिथे बोलले जाते. कोणाची सून रुसली, कोणाला मिरजेला दवाखान्यात हलवले.

आई गेली त्या संध्याकाळी घरात ‘उपासना संगीत’ उघडून मंडळी गात बसली होती. गाणी बरीचशी टिळकांचीच. शेजारच्या पाटील वहिनी पितळी डबा घेऊन दारात आल्या आणि प्रार्थना चालू आहे म्हणून उंबऱ्याशीच टेकल्या. डब्यात पिठलं-भाकरी होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी न्यायचा तो कडू घास. आमच्यात सुतक नसते, हे त्यांना ठाऊक होते. पाळकांनी आमेन म्हटल्यावर माझ्या मावशीने त्यांना हाताला धरून आत घेतले, डबा उघडला आणि सतरंजीवरच पाने मांडली. पाळकांनी दुसरी भाकरी मागून घेतली. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही बसा, मी वाढते.” मावशी म्हणाली, “न्हाई, तुम्हीबी बसायचं.” त्या बसल्या.