उष्णताशोधकांच्या नियमांतील ‘सरासरी’

नियमग्रंथाचे परीक्षण करताना आपण बहुधा आशयाकडे पाहतो, शब्दयोजनेकडे क्वचितच. रुळाकाठच्या उष्णताशोधकांविषयीचे अमेरिकेतील नियम या दृष्टीने विचारार्ह आहेत.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. ११ टाकीडब्यांत घातक द्रव्ये होती. मूळ कारण, तापून निकामी झालेले एक बेअरिंग. वाटेतील तीन शोधकांनी त्याची उष्णता भोवतालच्या हवेपेक्षा अनुक्रमे ३८, १०३ आणि २५३ अंश फॅरनहाइट अधिक नोंदविली होती. गाडी थांबवून तपासण्याची कंपनीची मर्यादा १७० अंशांपासून सुरू होई. त्यामुळे मधल्या, सेलम येथील नोंदीवर चालकांना काहीच कळविले गेले नाही. वस्तुतः शोधक पाहतो तो बेअरिंगचा बाह्य पृष्ठभाग. आत किती दाह आहे ते त्याला दिसत नाही. मर्यादा चिन्हाला लावलेली होती, चिन्हिताला नव्हे.

असे शोधक किती अंतरावर असावेत, किंबहुना असावेत की नाही, याविषयी त्या वेळी संघीय सक्ती नव्हती. अपघातानंतर संघीय रेल्वे प्रशासनाने काढले ते सल्लापत्रक. मार्च २०२३ मध्ये रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने १७० अंशांची मर्यादा सर्वांसाठी जाहीर केली (नॉरफोक सदर्नपुरते त्यात नवीन काय होते, असा प्रश्न पडतो!) आणि शोधकांमधील सरासरी अंतर १५ मैलांवर आणण्याचे उद्दिष्ट सांगितले.

‘सरासरी’ हे पद येथे परीक्षणीय आहे. अपघाताच्या मार्गावर पहिल्या व दुसऱ्या शोधकांत सुमारे ११ मैल, दुसऱ्या व तिसऱ्यांत सुमारे १९ मैल अंतर होते. यांची सरासरी १५ मैलच भरते! म्हणजे ज्या मार्गावर अनर्थ घडला, तेवढा टप्पा घेतला तर तो नव्या उद्दिष्टात विनासायास बसतो. बेअरिंग जळाले ते त्या १९ मैलांत. अलीकडच्या ११ मैलांनी त्याची भरपाई होत नाही.

मराठीत असा नियम करावयाचा झाल्यास ‘अंतर १५ मैल असावे’ या विध्यर्थानेही भागणार नाही, कारण ‘असावे’मध्ये आज्ञा, सल्ला आणि नुसती इच्छा तिन्ही सामावतात. ‘लगतच्या कोणत्याही दोन शोधकांमध्ये १५ मैलांहून अधिक अंतर असता कामा नये’ ही रचना जड असली, तरी तिला पळवाट नाही.