जमावाचे दोन चेहरे : डिकन्सची ‘बार्नबी रज’

शहरातील दंग्याचे वर्णन करण्याची वेळ आली की चांगल्या लेखकाची लेखणीदेखील निसर्गाकडे धाव घेते. जमाव म्हणजे महापूर, जमाव म्हणजे वणवा, जमाव म्हणजे टोळधाड! या उपमा मोठ्या सोयीच्या असतात; कारण पुराला कोणी हेतू विचारीत नाही आणि वणव्याचे गाऱ्हाणे कोणी ऐकून घेत नाही. मोर्चा कशासाठी निघाला होता, अर्ज घेऊन आलेला माणूस आणि दार फोडणारा माणूस एकच होता की निराळा, हे सारे प्रश्न त्या एका उपमेत बुडून जातात. या दृष्टीने चार्ल्स डिकन्सची ‘बार्नबी रज’ ही १८४१ साली क्रमशः प्रसिद्ध झालेली कादंबरी फिरून वाचण्यासारखी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरील त्याची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही १८५९ ची कादंबरी आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्या या थोरल्या बहिणीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. तरीही जमावाच्या चित्रणात लेखक कोठे जिंकतो आणि कोठे हरतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर मला ‘बार्नबी रज’च अधिक उपयोगी वाटते.

कादंबरीस आधारभूत असलेली घटना अशी : १७७८ साली ब्रिटिश पार्लमेंटने कॅथलिकांवरील काही जुनी बंधने सैल करणारा कायदा संमत केला. तो रद्द व्हावा म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन या अठ्ठावीस वर्षांच्या उमरावाने २ जून १७८० रोजी सेंट जॉर्जेस फील्ड्स या मैदानातून हजारो लोकांचा मोर्चा पार्लमेंटवर नेला. टोप्यांना निळ्या फिती होत्या आणि हाती होता एक अर्ज. रात्री कॅथलिक प्रार्थनामंदिरे पेटली. पुढच्या चार-पाच दिवसांत घरे फुटली. ६ जूनला न्यूगेटचा तुरुंग जळाला. ७ जूनला होबर्नमधील लँगडेल या कॅथलिक व्यापाऱ्याची दारूची भट्टी जळाली आणि बँक ऑफ इंग्लंडवर चाल झाली. अखेर सैन्याने गोळ्या झाडल्या. सुमारे तीनशे माणसे मेली. नंतर सुमारे पंचवीस जण फासावर चढले.

या आठवड्याचे चित्र डिकन्सने असे काही रंगविले आहे, की वाचताना कानांत काचा फुटतात. न्यूगेटचे दार उघडून देण्यास नकार देणारा वृद्ध कुलूपकार गॅब्रिएल वार्डन, अधिकाऱ्याच्या घरातले सामान दाराशी रचून पेटविलेला जाळ, लँगडेलच्या तळघरांतून वाहत येणारी जळती दारू आणि तीच ओणवे होऊन पिणारी, पिता पिताच मरणारी माणसे, ही दृश्ये एकदा वाचली की विसरता येत नाहीत. मला मात्र याहूनही एक लहानसे दृश्य अधिक मोलाचे वाटते. ‘मेपोल’ या खेड्यातील खाणावळीत जमाव शिरतो, पिंपे रिकामी करतो आणि मालक जॉन विलेट याला खुर्चीशी बांधून पुढे निघून जातो. अंगणातला खांबही कापून खिडकीतून आत खुपसलेला असतो. म्हातारा त्याच्याकडे मख्खपणे पाहत बसतो. आयुष्यभर ज्या घरात आपला शब्द चालला त्याचे काय झाले, हे त्याच्या मंद बुद्धीला उमगतच नाही. लुटीने माणसाचा माल जातो, हे कोणीही सांगेल. लुटीने माणसाचे जगाविषयीचे ज्ञानच नाहीसे होते, हे सांगावयास डिकन्स लागतो.

येथवर कादंबरीकार जिंकला. पण हा जमाव आला कोठून, या प्रश्नापाशी तो हरतो. डिकन्सच्या जमावाचे पुढारी तिघे : मतिमंद बार्नबी, रानटी वृत्तीचा मोतद्दार ह्यू आणि जल्लाद डेनिस. त्यांच्यामागे सूत्रे हलविणारा गॅशफोर्ड हा कपटी चिटणीस. म्हणजे एक अजाण, एक जनावर, एक खाटीक आणि एक खलपुरुष. डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार फॉर्स्टर याने नोंदवून ठेवले आहे, की वेड्यांच्या इस्पितळातून पळालेले तीन वेडे पुढारी म्हणून दाखवावेत, असा लेखकाचा मूळ बेत होता. तो बेत सुटला, पण त्यामागची समजूत सुटली नाही. उरलेला जमाव म्हणजे शहराचा गाळ, असेच कादंबरी धरून चालते.

खटल्यांचे कागद मात्र निराळे बोलतात. जॉर्ज रूदे या इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या मध्यास ते बारकाईने तपासले, तेव्हा आरोपींत सराईत गुन्हेगार थोडे आणि कामावर जाणारे कारागीर, उमेदवार, नोकर व मजूर बहुसंख्य आढळले. हल्ल्यांतही एक निवड होती. गरीब कॅथलिकांच्या वस्त्यांपेक्षा सुखवस्तू कॅथलिकांची घरे अधिक लक्ष्य झाली. पुष्कळ ठिकाणी सामान पळवून नेण्याऐवजी रस्त्यात आणून जाळण्यात आले. धर्मद्वेषाच्या निळ्या फितीखाली श्रीमंतांविषयीचा जुना राग धुमसत होता, हा रूदेचा निष्कर्ष. या निष्कर्षाने दंगेखोरांचे पाप धुऊन निघत नाही. निरपराध शेजाऱ्याच्या घराला त्याच्या धर्मासाठी आग लावणे हे निवडून केले म्हणून कमी नीच ठरत नाही. उलट ते अधिकच नीच ठरते. पण मग ते कृत्य माणसांचे ठरते, पुराचे नव्हे. आणि माणसांच्या कृत्यांचा जाब विचारता येतो.

डिकन्सला हे का दिसले नाही? तो काळ ध्यानात घेतला म्हणजे उत्तर सापडते. १८३९ साली चार्टिस्ट चळवळीचा बारा लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटने फेटाळला होता आणि त्याच वर्षी न्यूपोर्ट येथे सैनिकांच्या गोळ्यांनी चळवळीची माणसे पडली होती. पुन्हा एक अर्ज, पुन्हा एक जमाव! साठ वर्षांपूर्वीची आग रंगविताना लेखकाच्या डोळ्यांसमोर उद्याची आग होती, आणि भ्यालेल्या माणसाला गर्दीत चेहरे दिसत नाहीत. हे भय कालबाह्यही झालेले नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेल्यावर त्याच लंडनमध्ये आधी शांत निदर्शन आणि मग दुकानांची लूट झाली. तेव्हाही सत्ताधाऱ्यांनी तिला निव्वळ गुन्हेगारी ठरवून विषय संपविला.

परंतु डिकन्सवरील आरोपपत्र येथेच मिटविणे अन्यायाचे होईल. दंगा शमतो, कायदा आपला सूड घेऊ लागतो आणि त्याच क्षणी या लेखकाची दृष्टी पालटते. ब्लूम्सबरी चौकात लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाचे घर आणि त्याचा अमोल ग्रंथसंग्रह जळाला होता. त्या चौकात दोन पांगळी पोरे फाशी दिली जातात, एक लाकडी पायाचा आणि एक कुबडीवर चालणारा. खालची गाडी हलणार इतक्यात कोणाच्या तरी ध्यानात येते, की लुटलेल्या घराकडे त्यांची तोंडे नसून पाठी आहेत. आणि तेवढी चूक दुरुस्त होईपर्यंत त्यांचे मरण लांबविले जाते. डिकन्स येथे आवाज चढवीत नाही. नुसते सांगतो आणि पुढे जातो. जल्लाद डेनिसच्या तोंडी त्याने मेरी जोन्स या खरोखरीच फाशी गेलेल्या तरुण आईची हकीकत घातली आहे. नवऱ्याला सक्तीने आरमारात नेल्यावर तिने दुकानातून कापड उचलले, एवढाच तिचा गुन्हा. ह्यूची आईही अशीच फासावर गेलेली. पोरक्या पोराला माणसाने नव्हे, कुत्र्याने सोबत केली. आणि स्वतः फाशी जाताना तो त्या कुत्र्याची सोय पाहतो, बार्नबीचे प्राण वाचावेत म्हणून तळमळतो.

जमावातल्या माणसाला चेहरा मिळाला तो येथे, फाशीच्या खांबाखाली. ह्यू दंगेखोर का झाला, हे दंग्याच्या प्रकरणांत समजत नाही. त्याच्या मरणात समजते. आणि ज्याने मोर्चा नेला त्या गॉर्डनची १७८१ साली राजद्रोहाच्या आरोपातून निर्दोष सुटका झाली! वर्गात गोंधळ झाला म्हणजे छडी बहुधा हाती लागेल त्या पोरावर पडते. चिथावणारा पहिल्या बाकावर पुस्तक उघडून बसलेला असतो. तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही.

कोणी म्हणेल, कादंबरीकाराने समाजशास्त्र का लिहावे? लिहू नये. पण एका जमावाविषयी दोन निवाडे देणाऱ्या कादंबरीत त्या दोहोंना जोडणारा दुवा मागण्याचा हक्क वाचकाला आहे. जो चेहरा शिक्षेच्या वेळी दिसला तो गुन्ह्याच्या वेळी का दिसू नये? तेव्हा दिसता, तर वाचकाचे काम कठीण झाले असते. जॉन विलेटची कणव आणि ह्यूची कणव एकाच वेळी पोटात घ्यावी लागली असती.

असे कठीण काम मराठीत एका छोट्या कादंबरीने केले आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये १९४८ साली गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात झालेले जळित येते. ती नगराची कथा नाही आणि तिच्यात डिकन्सचे सामर्थ्य शोधू नये. पण येथे जमाव अनोळखी नाही, म्हणूनच त्याला वणवा म्हणून सुटता येत नाही. नाव एका वावटळीचे घेऊनही माडगूळकर माणसे दाखवितात.

दंग्यावर लिहू पाहणाऱ्या आपल्या नव्या लेखकांनी या दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. आग कशी रंगवावी हे डिकन्सकडून शिकावे. पण आग लावणाऱ्याचे तोंड पाहण्यासाठी त्याच्या फाशीपर्यंत थांबू नये.